गाढवाशेजारचा तो माणूस सिम्प्सन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणभूमीवर जखमींना गाढवावरून वाहून नेणाऱ्या ऑस्ट्रेलियन सैन्यातील जॉन सिम्प्सनला अख्खे पान दिले, याबद्दल आभार. मात्र पानाच्या मधोमध सिम्प्सनच्या नावाने जे चित्र छापले आहे, ते त्याचे नाही. होरेस मूर-जोन्स यांनी १९१७ मध्ये डनेडिन येथे ते ज्या छायाचित्रावरून रंगवले, त्यात गाढवाशेजारी न्यूझीलंडच्या वैद्यकीय दलातील रिचर्ड हेंडरसन उभा आहे. चित्रकारानेच शीर्षकात सिम्प्सनचे नाव घातले आणि वर त्याला शौर्यपदकही बहाल केले. वास्तविक १९ मे १९१५ रोजी मारल्या गेलेल्या सिम्प्सनला असे पदक कधी मिळालेच नाही. पदक मिळाले ते हेंडरसनला, पुढच्या वर्षी फ्रान्समधील सोमच्या लढाईत भर माऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊन जखमींना उचलून आणल्याबद्दल. नंतर बेल्जियममधील पॅशनडेलच्या लढाईत तो विषारी वायूत सापडला आणि कालांतराने त्याची दृष्टीही गेली. चित्रातला माणूस आपण आहोत, हे त्याने लोकांना सांगितले ते १९५० च्या सुमारास. आपल्या लेखकाला ते अजून ऐकू आलेले दिसत नाही.

फोटोखालच्या एका ओळीसाठी एवढा आटापिटा कशाला, असे आपल्या कचेरीत कोणी म्हणेल. माझे चुलते सैन्याच्या वैद्यकीय दलात होते आणि स्ट्रेचर वाहून त्यांच्या खांद्याला पडलेले घट्टे मी लहानपणी हात लावून पाहिले आहेत. आमच्याकडच्या एका स्मरणिकेत त्यांच्या छायाचित्राखाली भलत्याच गृहस्थांचे नाव छापले गेले. मी पुरावे घेऊन गेलो, तेव्हा संबंधितांनी चहा पाजला आणि ‘आता प्रती वाटून झाल्या, काका’ असे सांगून वाटेला लावले. काकू शेवटपर्यंत ते पान उघडत नव्हत्या.

मूर-जोन्स यांच्याविषयी तर लेखात अवाक्षर नाही. वय चोरून सैन्यात भरती झालेल्या या माणसाने गॅलिपोलीच्या कडेकपारींची जी रेखाटने केली, ती सेनाधिकाऱ्यांनाही उपयोगी पडली. त्यांची जलरंगचित्रे न्यूझीलंड सरकारने नाकारली आणि ऑस्ट्रेलियाने १,५०० पौंडांना घेतली. १९२२ मध्ये हॅमिल्टन येथे हॉटेलला आग लागली असता इतरांना वाचवण्यासाठी ते परत आत गेले आणि भाजून मरण पावले. चित्र फुकट छापायचे आणि चित्रकाराला दोन ओळीही द्यायच्या नाहीत, हा कोणता न्याय? निवृत्त चित्रकला शिक्षक म्हणून मला ते अधिकच खटकले.

ज्या भारतीय तोफखान्याच्या खेचरवाल्यांच्या तळावर सिम्प्सनचा मुक्काम असे, त्यांना तर ‘स्थानिक मदतनीस’ म्हणून लेखकाने परस्पर तुर्कस्तानचे करून टाकले आहे.

दुरुस्ती छापणार असाल, तर ती त्याच पानावर, चित्रासह छापावी. शब्दकोड्याच्या उत्तरांखाली नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा