रात्री नऊ ते अकरा कोणाचे?

संपादक महोदय,

नोकरी सांभाळून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेलं वेळापत्रक वाचलं. रोज रात्री नऊ ते अकरा, आठवड्याचे सातही दिवस, सहा महिने. ज्यांनी ते आखलं त्यांच्या घरी रात्री नऊला कोणाला ताप येत नसावा, कोणाचा गृहपाठ राहत नसावा आणि ओटा आपोआप आवरला जात असावा. मी एका कंपनीच्या लेखा विभागात आहे. घरी दोन मुलं, सासूबाई आणि फिरत्या पाळीत काम करणारा नवरा. या सगळ्यातून मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे आणि ते अजून सुटलेलं नाही, म्हणून लिहायचं धाडस करते.

उमेद वाढावी म्हणून लेखात पायथनच्या जन्माची गोष्ट दिली आहे. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुटीत, ऑफिस बंद असताना, विरंगुळा म्हणून ही भाषा लिहायला घेतली. हे खरंच आहे. पण त्याआधी अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत ते एबीसी नावाच्या भाषेवर काही वर्षं राबले होते, आणि पायथन लोकांच्या हाती पडली ती थेट फेब्रुवारी १९९१मध्ये. सुटीत काय झालं, तर सुरुवात झाली. तेवढी सुरुवात आमच्यासारख्यांनाही जमते. पुढच्या वर्षभराचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.

माझा आक्षेप तासांच्या हिशेबाला आहे. दिवसभर नोंदी तपासून आलेल्या डोक्याचे रात्रीचे दोन तास आणि पहाटे घर उठायच्या आधीचा पाऊण तास यांची किंमत सारखी नसते. म्हणून मी वेळ बघून काम ठरवते. नवीन काही शिकायचं असेल तर ते पहाटेच. रात्री फक्त हाताची कामं: आधी चाललेला प्रोग्रॅम पुन्हा टाइप करणं, व्हेरिएबलना (म्हणजे किमती साठवायच्या खणांना) शहाणी नावं देणं, जुन्या फंक्शनवर (म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कोडच्या तुकड्यावर) दोन ओळींची टीप लिहिणं. रात्री काहीही इन्स्टॉल करायचं नाही, हा माझा कडक नियम आहे. एक एरर घालवायला दुसरं काही उतरवावं लागतं, त्यातून तिसरी निघते, आणि एक वाजतो. ते रविवारचं काम.

आणि प्रवासात किंवा मुलांच्या क्लासबाहेर? मोबाइलवर कोड लिहिणं म्हणजे नुसती चिडचिड. त्यापेक्षा वही बरी. लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, वहीत चालवून पाहायचा, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आणि प्रत्येक फेरीला एक ओळ. रकान्यांत आमचं आयुष्यच गेलं आहे, त्यामुळे मला हे आवडतं. पण ज्यांचं गेलेलं नाही त्यांनाही लूप कुठे एक फेरी जास्त घेतो ते याच पद्धतीने सापडेल.

तुमच्या वेळापत्रकात ‘संख्या’ हा विषय एका संध्याकाळी संपतो. मी त्यावर कितीतरी दिवस अडले होते, आणि आनंदाने. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर नेमकं ०.३ येत नाही. दशांशाच्या सतराव्या स्थानी एक ४ उरतो. लेखा विभागातल्या बाईला हे कळल्यावर झोप लागेल का? कारण असं, की दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा कधी पुरा लिहून होत नाही, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, एक दशांश होत नाही. उपाय आहे, डेसिमल, म्हणजे दशमान पद्धतीनेच हिशेब करणारा पायथनमधला संख्येचा प्रकार. पण त्यातही मेख आहे: संख्या अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यावी लागते, नाहीतर ती जुनाच दोष सोबत घेऊन येते. हे मला एका बैठकीत समजलं नाही. थोडं पहाटे, थोडं वहीत, थोडं ऑफिसात बँकेचा ताळमेळ लावताना. ‘चौथा दिवस: संख्या’ असं लिहिलेला तक्ता समोर असता तर मी मागे पडले असं समजून पुढे पळाले असते.

महिनाअखेरीच्या आठवड्यात माझा अभ्यास शून्य असतो, आणि तो शून्य मी तक्त्यात आधीच लिहून ठेवते. बुडालेला दिवस भरून काढायचा नाही, हेही ठरलेलं आहे. भरपाई करू पाहणारे माझे दोन सहकारी भरपाईच्याच ओझ्याने थांबले. खंडानंतर परत बसताना मी पुस्तक उघडत नाही. शेवटचा प्रोग्रॅम न बघता लिहून काढते. यामागे आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली छापलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. मात्र परत बसल्यावर कुठून सुरू करायचं हे माहीत हवं. त्यासाठी उठण्यापूर्वी फाइलच्या माथ्यावर एक ओळ लिहिते: ‘तारखा मजकूर म्हणून वाचल्या जात आहेत, आधी त्या बदल.’ सासूबाईंनी मध्येच हाक मारली तरी ही ओळ लिहूनच उठते.

आता ज्याविषयी लेखात अवाक्षरही नाही ते. शिकणाऱ्याचा वेळ घरातल्या कोणाच्या तरी वाट्यातून येतो. आमच्याकडे नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून आम्ही रविवारी रात्री पुढचा आठवडा मांडतो. माझ्या चार बैठका, त्याच्या बॅडमिंटनच्या दोन संध्याकाळी, सासूबाईंच्या तपासणीचा दिवस. माझ्या बैठकीत मुलांना मी घरात ‘नसते’. मोठीला हे पटलं आहे, धाकट्याशी वाटाघाटी चालू आहेत. एक सांगते, पुरुष सहकारी शिकत असले की घर त्यांच्यासाठी आपसूक गप्प होतं. बाईला ही शांतता मागून घ्यावी लागते, आणि ती वेळापत्रकात लिहिलेली असली तर मागणं सोपं जातं.

आपल्याला विनंती एवढीच, की अशी वेळापत्रकं छापताना ती कोणासाठी आहेत ते वर लिहावं. आणि जागा असेल तर पुरवणीत दर आठवड्याला एक लहान उदाहरण द्यावं, कागदावर सोडवता येईल असं. उदाहरणार्थ, दोन याद्यांतली न जुळणारी नावं शोधा. उत्तर पुढच्या आठवड्यात छापा, त्याच दिवशी नको.

आपली,
एक नियमित वाचक