पिप इन्स्टॉल मारू नकोस, आधी हे वाच

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सच्या,

मामांच्या गुजरीतल्या सराफी दुकानात जाऊन आलो भावा, तुझा तो साजाची पानं फिरवून दाखवणारा पायथनचा प्रोग्राम तिथं का चालंना ते बघायला. फोनवर सांगायला गेलो असतो तर निम्म्यातनंच तू पायथन परत टाकायला घेतलं असतंस, म्हणून निवांत लिहालोय.

पहिलं म्हणजे पिप इन्स्टॉल, ती पायथनच्या लायब्ररी उतरवायची कमांड, परत परत मारायचं बंद कर मर्दा. तुझ्या लॅपटॉपवर पायओपनजीएल, ती थ्रीडी चित्रं काढायची लायब्ररी, व्यवस्थित आहे, म्हणून तर तिथं साजाची २१ पानं गरागरा फिरतात. दुकानात मात्र तू पॅक करून दिलेल्या ईएक्सईवर डबल क्लिक केलं की खिडकी यायच्या आधीच एररचा डबा, लॉग बघा म्हणून, आणि ईएक्सईच्या शेजारीच पडलेल्या त्या लॉगमध्ये शेवटची ओळ 'नो मॉड्यूल नेम्ड ओपनजीएल डॉट प्लॅटफॉर्म डॉट विन३२'. तू ती फाईल उघडलीच नसणार, पैज लावतो.

आता हे का होतंय बघ. पायटूईएक्सई, म्हणजे तुझी ईएक्सई बनवणारा पॅकर, तुझा कोड चालवून बघत नाही, फक्त इम्पोर्टच्या ओळी वाचतो आणि त्यात जे दिसेल तेवढं डब्यात भरतो. पण पायओपनजीएल विंडोज आहे का लिनक्स हे चालू झाल्यावर बघतं आणि मग त्याप्रमाणं मॉड्यूल, म्हणजे कोडची फाईल, उचलतं, त्याचं नाव आत इम्पोर्टच्या ओळीत नाही, नुसतं स्ट्रिंग म्हणजे साधा मजकूर म्हणून लिहिलेलं आहे. पॅक करणाऱ्याला ते दिसणार कसं? बिल्ड संपताना 'मिसिंग मॉड्यूल्स'ची लांबलचक यादी येते ना, जी तू मला स्क्रीनशॉट काढून पाठवलीस, त्यातलं पीडब्ल्यूडी, एफसीएनटीएल वगैरे युनिक्सचं आहे, विंडोजवर त्याच्या नादाला लागू नकोस. खरं जे राहिलंय ते त्या यादीत येतच नाही, कारण त्याचं नाव कुणी वाचलेलंच नाही. लई जण इथंच फसतात.

तेव्हा सेटअप स्क्रिप्टमध्ये इन्क्लूड्सला ते विन३२ चं पूर्ण नाव घाल, आणि पॅकेजेसला ओपनजीएल डॉट अ‍ॅरेज अख्खं दे, कारण नमपायचा, म्हणजे आकड्यांच्या लायब्ररीचा, हँडलरपण असाच नावानं शोधला जातो. तू दिलेल्या सोर्सवर मी हे घरी करून बघितलं, ती एरर गेली आणि दुसरी आली, ग्लूटइनिट अनडिफाइन्ड फंक्शन. हे मॉड्यूलचं दुखणं नव्हे हां, फ्रीग्लूटची, म्हणजे खिडकी उघडून देणाऱ्या लायब्ररीची, डीएलएल फाईल नाही म्हणून. तुझ्या मशीनवर ती कुठंतरी पाथमध्ये बसलीय, दुकानात कुठली असणार! पायथन ६४ बिटचं असेल तर डीएलएलपण ६४चीच, ईएक्सईच्या शेजारी ठेवायची, झालं.

पानांचे फोटो उघडत नाहीत ते वेगळं, कोडमधल्या __file__ वरनं काढलेला पाथ तिथं चालत नाही, सिस डॉट एक्झिक्युटेबलचं, म्हणजे ईएक्सई जिथं आहे ते फोल्डर धर. आणि सगळं एकाच फाईलमध्ये कोंबायचा हट्ट सोड, डिस्टचं फोल्डर आहे तसं झिप करून दे, मामांना काय फरक पडतोय, ते तर त्या पानाशेजारी सोन्याचा भाव दिसेल का म्हणून विचारालेत.

मला तर वाटतं पायइन्स्टॉलर या दुसऱ्या पॅकरवरच ये, त्यात ओपनजीएलसाठी हूक, म्हणजे अशी लपलेली मॉड्यूलं भरायची तयार सूचना, आहे, त्यामुळं हे विन३२ चं लफडं बहुतेक करून होतच नाही. फक्त पहिला बिल्ड कन्सोल चालू ठेवून कर, म्हणजे काही झालंच तर सीएमडीच्या काळ्या खिडकीत अख्खी एरर दिसते. तसला बिल्ड मला शनिवारच्या आत ड्राइव्हवर टाक, आणि बिल्डच्या सेटिंगची ती स्पेकची फाईलपण जोड, तुझ्या नुसत्या 'चालंना' वर मला काय कळणार?

तुझा,
पक्या