आरोग्यमंत्री साहेब, किमोच्या कागदावर बोटांबद्दल पण विचारा

माननीय आरोग्यमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मूळची निफाड तालुक्यातली, सध्या नाशिकला इंदिरानगरला राहते. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं आणि मग किमोच्या आठ सायकल झाल्या. सगळा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. ही योजना नसती तर आमची द्राक्षबाग गेली असती, त्यामुळे आधी मनापासून आभार मानते आणि मग तक्रार सांगते.

नानांना ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं. पहिल्या सायकलनंतर घरी आल्यावर रात्री त्यांनी माठातलं पाणी प्यायलं आणि एकदम गळा धरून खाली बसले, श्वासच अडकला म्हणाले. आई रडायला लागली, शेजारचे गाडी काढायला धावले, आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. नंतर कळलं की या औषधाने गार पाणी घशाला लागलं की असं गुदमरल्यासारखं होतं, ते थोड्या वेळात जातं आणि कोमट पाणी प्यायलं तर सहसा होत नाही. एवढं एक वाक्य डिस्चार्ज देताना कुणी सांगितलं असतं तर ती रात्र आमच्यावर आली नसती.

आणि आमचं गाव कुठलं तर निफाडकडचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची बातमी दर थंडीत तुम्ही पण वाचत असाल. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. डिसेंबरात सातव्या सायकलनंतर नाना पहाटे बागेत गेले, नको म्हटलं तरी गेले, बाग म्हणजे त्यांचा जीव. गार तार हाताला लागली की करंट बसल्यासारखं व्हायचं म्हणून ते शेकोटीजवळ पाय करून बसले. तोपर्यंत तळपाय बधिर झालेले होते पण ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चपलेचं रबर वितळल्याचा वास माझ्या भावाला आला, नानांना काहीच कळलं नाही. अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मोठाले फोड, आणि हे शांतपणे विचारतायत, काय झालं रे?

हे असं का होतं ते नंतर मी वाचून काढलं. या औषधात प्लॅटिनम असतं, ते पाठीच्या कण्याजवळ संवेदना वाहून नेणाऱ्या पेशींच्या गाठी असतात तिथे साचतं. ज्या नसा सगळ्यात लांब त्यांना आधी फटका बसतो, म्हणून पायाची आणि हाताची बोटं आधी, मोजे-हातमोजे घातल्यासारखं वाटतं. स्तनाच्या कॅन्सरला देतात त्या पॅक्लिटॅक्सेलने पण नसांना त्रास होतो, आणि आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीनने पण. आम्हाला वाटलं आठवी सायकल झाली की संपलं, पण प्लॅटिनमवाल्या औषधांमध्ये किमो थांबल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढू शकतो, आणि नानांचं तसंच झालं.

डोक्याचं वेगळंच. नाना कागद न बघता सांगायचे, कुठल्या रोगाला कुठलं औषध, लिटरला किती ग्रॅम. एक दिवस बागेत पान उलटं करून मला दाखवत होते आणि 'डावणी' हा शब्दच त्यांना येईना. चाळीस वर्षं ज्या रोगाशी भांडले त्याचं नाव. पानावर बोट ठेवून नुसते उभे राहिले, डोळ्यात पाणी आलं. याला किमो ब्रेन म्हणतात, शब्द न सापडणं, लक्ष न लागणं, हिशोब चुकणं, बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं पण काहींचं वर्षानुवर्षं राहतं. घरी मात्र सगळे म्हणत होते, वय झालं, टेन्शन घेतलंय.

आता मुद्दा. बधिरपणा पुढच्या सायकलपर्यंत टिकून राहिला तर डॉक्टर डोस कमी करू शकतात, ते औषध थांबवू पण शकतात, पण त्यासाठी त्यांना कळायला तर पाहिजे! नानांनी का नाही सांगितलं माहितीये? सांगितलं तर किमो बंद करतील ही भीती. आणि ओपीडीत एवढी गर्दी की डॉक्टरांनी पण विचारलं नाही, मी त्यांना दोष देत नाही, ते तरी किती बघणार. २०१८ मध्ये एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, ऑपरेशन झालेल्या तिसऱ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सहा महिन्यांऐवजी तीन महिने किमो दिली तर नसांचा त्रास खूपच कमी, आणि कमी धोक्याच्या पेशंटमध्ये विशिष्ट औषधांच्या जोडीने फायदा जवळपास तेवढाच. कुणाला तीन आणि कुणाला सहा हे डॉक्टरच ठरवणार, पण निदान ही चर्चा पेशंटसमोर व्हावी की नाही?

कारण नंतर उपाय फार थोडे आहेत. आम्ही बी-१२ च्या गोळ्या महिनोन् महिने आणल्या, या त्रासावर त्यांचा उपयोग सिद्धच झालेला नाही. दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन हे एकच औषध अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने सुचवलंय, आणि ते पण दुखणं कमी करतं, गेलेली संवेदना परत आणत नाही.

साहेब, प्रत्येक सायकलआधी रक्ताचा रिपोर्ट बघतातच ना, त्याच कागदावर मराठीत चार प्रश्न छापायला लावा. शर्टाचं बटण लावता येतं का, चप्पल निसटली तर कळतं का, गार लागल्याचा त्रास किती दिवस राहतो, नेहमीचे शब्द आणि हिशोब आठवतात का. सिस्टरने टिक करायचं, दोन मिनिटं लागतील. किमो संपल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी आशाताईंनी घरी येऊन तेच विचारावं, रोज पाय तपासायला शिकवावं, आणि चालण्याचा तोल सांभाळायला फिजिओथेरपी योजनेच्या पॅकेजमध्येच धरावी, ती पण तालुक्याला मिळाली पाहिजे, निफाडहून नाशिकला रोज कोण येणार.

नानांच्या शर्टाची बटणं अजून आई लावून देते. पुढच्या सोमवारी त्यांचा फॉलोअप आहे. हे चार प्रश्न मी वहीच्या पानावर लिहून, उत्तरांसकट डॉक्टरांपुढे ठेवणार आहे.

आपली,
नानांची मुलगी, नाशिक