त्या कागदावर सही करायच्या आधी

नेरूळ, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो, मग माझाही, आणि आई मध्येच "जेवलीस का?" विचारते. म्हणून तासाभराच्या अंतरावरून पत्र लिहितेय.

करार संपून चार महिने झाले तरी ऐरोलीच्या फ्लॅटमधला भाडेकरू हलत नाही, याचा ताप मला कळतो. पण कोर्ट नाक्यावरच्या ज्या गृहस्थांना बाबा "वकीलच समजा" म्हणतात, त्यांना वकील समजू नका. पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कागदपत्रांत मदत करणारा, म्हणवून घ्यायला आपल्याकडे सनद (वकिलीचा परवाना) लागत नाही, वकिली करायला लागते. अर्ज टाइप करणं, नकला काढणं, तारीख बघून येणं ही कामं त्यांनी खुशाल करावीत. तुमच्या गुडघ्यांना तेवढाच आराम. पण केस कशी लढायची हा सल्ला त्यांच्याकडून घ्यायचा नाही.

"मी विधी सेवेचाच माणूस" असं ते म्हणाले होते ना? मग ओळखपत्र मागा. विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था. तिचे स्वयंसेवक लोकांकडून पैसे घेत नाहीत, त्यांचं मानधन प्राधिकरण देतं. पंधरा हजार सांगणारा स्वयंसेवक कसला?

"दोन महिन्यांत बाहेर काढतो" हेही मला खटकलं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली आपला अर्ज सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, म्हणजे असे अर्ज ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जाईल. नोटीस मिळाल्यावर भाडेकरूला लढायची परवानगी मागायला 30 दिवस असतात, त्यानंतर सुनावणी. तारखेची हमी कोण देणार? मुदत संपल्यावरच्या दिवसांचे दुप्पट भाड्यानं पैसे मागता येतात, ही कामाची गोष्ट मात्र त्यांनी सांगितलीच नाही. आणि या अर्जात लेखी करार हाच मुख्य पुरावा. तो मूळ कागद त्यांच्या पिशवीत कशाला? झेरॉक्स द्या.

आता मुखत्यारपत्र. आई, फ्लॅट तुझ्या नावावर आहे, म्हणजे सही तुझी जाणार. "बाबांनी सांगितलं तिथे केली" हे या वेळी चालणार नाही हं. अर्ज लावायला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं सगळे व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, लागत नाही. त्यांच्या मसुद्यात विक्रीचा अधिकारही लिहिलाय. बाबांनी पाठवलेल्या फोटोत तिसऱ्या परिच्छेदात बघ. त्यांचा हेतू वाईट असेल असं नाही, छापील नमुना उचलला असेल. पण भाडेकरू काढायला निघालेल्या माणसाला घर विकायचा अधिकार कशाला हवा? वकीलपत्रावर, म्हणजे आपल्या वतीनं केस चालवायला वकील नेमायच्या कागदावर, मात्र सही लागेल. त्यावर वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक आहे ना ते बघ, कोऱ्यावर करू नकोस.

मी फार शहाणी आहे असं नाही. इथल्या नेरूळच्या घराचा करार एजंटवर सोपवून मी न वाचताच अंगठा दिला होता. फ्लॅटचा नंबर चुकलाय हे गॅसच्या जोडणीच्या वेळी कळलं. दुरुस्तीचे पैसे पुन्हा मीच भरले. बाबा, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

आणखी एक. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तेव्हा अर्ज आईच्या नावानं करू. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातच आहे, म्हणजे बाबा ज्या टपरीवर त्या गृहस्थांबरोबर चहा घेतात तिथून चालत. आधी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करून विचारता येईल. खाजगी वकील करायचा तर तोही करू, पैसे मी देते. पण फी लेखी ठरवून आणि पावती घेऊन.

त्या गृहस्थांना दिलेल्या दोन हजारांची पावती मागा. नाही दिली तर सोडून द्या, भांडत बसू नका. भाडेकरूचं पाणी तोडायचं बाबांच्या डोक्यात आहे, ते आधी काढा. उलट आपणच अडकू.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि भाड्याच्या नोंदींचं पासबुक एका पिशवीत काढून ठेवा. आई, ती पिशवी तुझ्या कपाटात, बाबांच्या नको.

तुमची,
मनू

ता. क. जेवले आहे.