रग्गरे म्हणजे रगेलच की!

वेस्तेरोस (स्वीडन), 6 जुलै

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मागं कसला गोंधळ चाललाय, मिरवणूक आहे काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण मला तुमचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. मिरवणूकच होती म्हणा, फक्त गाड्यांची. संध्याकाळी सहाला माझ्या खिडकीखालून सुरू झाली ती रात्री अकरा वाजले तरी संपेना. इथे आत्ता दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सगळं लख्ख दिसत होतं. 1957 ची शेव्हरोले बेल एअर, मागे माशासारखे पंख काढलेली 1959 ची कॅडिलॅक, आणि एक पाँटियाक बॉनव्हिल, जिच्या नुसत्या बॉनेटवर आई चार किलो सांडगे वाळत घालेल. आणि एवढ्या लांबलचक गाड्या चालल्या होत्या बैलगाडीच्या वेगाने! घाई कुणालाच नव्हती. फिरायचं, बघायचं आणि स्वतःला दाखवायचं. रंकाळ्याला संध्याकाळी पोरं बुलेटवरून चकरा मारतात ना, अगदी तसंच.

या लोकांना इथे 'रग्गरे' म्हणतात. मला पहिल्यांदा 'रगेल' असंच ऐकू आलं, आणि म्हटलं, शब्द बरोबर बसतोय की! मूळ अर्थ मात्र तुम्हाला सांगायला जरा संकोच वाटतो. 'रग्गा' म्हणजे पोरीबाळी पटवणं. गाडी घेऊन स्टॉकहोमच्या कुंग्सगातान रस्त्यावर फेऱ्या मारायच्या आणि काच खाली करून पोरींना हाक घालायची, हा पन्नासच्या दशकातल्या पोरांचा उद्योग. त्यावरून हे नाव पडलं.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे. (आजोबा आपलं इथे लिहिताना. समोर त्यांना नुसत्या नावाने हाक मारावी लागते, तीही एकेरीत. साठच्या दशकाच्या शेवटी या लोकांनी अहो-जाहो काढूनच टाकलं. पहिले सहा महिने माझी जीभ वळत नव्हती.) ते मूळचे रग्गर. आसेआ या विजेच्या यंत्रांच्या कंपनीच्या कारखान्यात लेथवर होते, म्हणजे तुमच्याच जातीचे. बेसमेंटमधल्या गॅरेजात त्यांची जुनी शेव्हरोले आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्याची मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी मला थेट बॉनेटखाली डोकं घालायला लावलं.

त्यांना मी विचारलं, एवढ्या अमेरिकन गाड्या इथे आल्या कुठून? ते म्हणाले, महायुद्धात स्वीडन उतरलं नाही, त्यामुळे कारखाने शाबूत राहिले. पन्नासच्या दशकात कामाला तोटा नव्हता आणि अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या खिशात स्वतःचा पगार होता. श्रीमंतांनी वापरून टाकलेल्या अमेरिकन गाड्या त्याला परवडायच्या. शिकलेल्या घरची पोरं पुस्तकं, जॅझ असल्या गोष्टींत. कामगारांच्या पोरांकडे एल्व्हिस आणि आठ सिलिंडरचं इंजिन. त्यांनी स्वतःचा रॉक अँड रोलही काढला. आजोबांचा देव म्हणजे जेरी विल्यम्स. नाव इंग्रजी असलं तरी माणूस पक्का स्टॉकहोमचा, खरं नाव वेगळंच. 2018 साली तो वारला तेव्हा आठवडाभर गॅरेजातून त्याचीच गाणी येत होती, असं समोरच्या बाई सांगतात.

आता कपडे. आईला वाचून दाखवा, तिला हे आवडेल. पहिल्या पिढीचा थाट म्हणजे काळं कातडी जाकीट, आत पांढरा टी-शर्ट, खालून दुमडलेली जीन्स, आणि केसांना भरपूर ब्रिलक्रीम लावून मागे वळवलेला फुगा. हो, तेच ब्रिलक्रीम! तुमच्या लग्नाच्या फोटोत तुमचे केस बघा. आजोबांना तो फोटो मी फोनवर दाखवला तर म्हणाले, "हा माणूस आमच्यातलाच आहे." मुली घेरदार झगा, पोनीटेल, डोक्याला रुमाल. सत्तरच्या दशकात सगळंच ढिलं झालं. केस मानेवर रुळायला लागले, जाकिटाच्या जागी बाह्या कापलेलं डेनिमचं जॅकेट आलं. त्याच्या पाठीवर आपल्या क्लबचं नाव शिवलेलं, आणि पायात चक्क लाकडी खडावा! खडावा म्हणजे आपल्या नव्हेत, वरून चामडं ठोकलेल्या. गाडीचा साजही ठरलेला: एरियलला कोल्ह्याची शेपटी, आरशाला लोकरीचे दोन मोठे फासे. फासे आजोबांच्या गाडीत अजून आहेत. शेपटी त्यांच्या बायकोने 1980 च्या सुमारास फेकून दिली आणि तो विषय अजून घरात काढायचा नाही.

मला गंमत वाटली ती अशी, की या पोरांना तेव्हा लोक टरकून असायचे. वर्तमानपत्रं रोज ओरडायची, 1959 साली 'रग्गरे!' याच नावाचा सिनेमा निघाला, आईबाप मुलींना रस्त्यावर सोडायचे नाहीत. ती भीती अगदीच खोटीही नव्हती. दारू आणि मारामाऱ्या होत्याच. 1977 च्या जुलैत सेक्स पिस्टल्स हा इंग्लंडचा पंक, म्हणजे कर्कश बंडखोर रॉक वाजवणारा बँड स्टॉकहोमला आला, तेव्हा रग्गरे बाहेर टपून बसले आणि कार्यक्रम ऐकून निघालेल्या पोरापोरींना त्यांनी पळवून पळवून मारलं. ती पंकवाली पोरं कपड्यांना, गालाला सेफ्टी पिना टोचून घ्यायची. त्या पिना ओढून काढल्या. विचार करा, अप्पा, ज्यांच्या केसांवरून वीस वर्षांपूर्वी अख्खा देश बोंबलत होता, तेच दुसऱ्याच्या पिनांवरून हात उचलायला निघाले. मी आजोबांना विचारलं, तुम्ही होता का त्यात? त्यांनी स्पार्क प्लग पुसायला घेतला.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती लिहून टाकते. काही गाड्यांवर अजून अमेरिकेच्या दक्षिणेकडचा तो जुना झेंडा असतो, गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्यांचा. इथले म्हणतात, आमच्यासाठी तो फक्त रॉक अँड रोल आणि बंडखोरी. असेलही. पण माझ्या रंगाच्या माणसाला फुटपाथवर उभं राहून तो जाताना बघायला बरं वाटत नाही. आजोबांशी यावर वाद झाला. ते गप्प झाले. त्यांच्या गाडीवर तो नाही, एवढं खरं.

या गावचा मेळावा 1978 साली सुरू झाला. 'पॉवर बिग मीट' नाव, योहानिसबेरीच्या विमानतळावर भरायचा आणि सगळ्या युरोपातून लोक यायचे. 2017 पासून तो लिडशोपिंगला गेला, पण वेस्तेरोसच्या लोकांना जुलै सुना जाणं मानवेना, म्हणून आता इथे वेगळा 'समर मीट' असतो. परवाचा गोंधळ त्याचाच. चकाकणाऱ्या गाड्यांमध्ये मधूनच एखादी पिल्सनरबिल येते, म्हणजे बिअरगाडी. गंजलेली, दार दोरीने बांधलेलं, आत सहा-सात जण पीत गात बसलेले आणि एकटा ड्रायव्हर बिचारा कोरडा. पोलीस त्याला फुंकायला लावतात. तो ऐटीत फुंकतो. तेवढाच त्याचा मान.

पण तुमचा जीव खरा रमेल तो 'एपा'त. महायुद्धाच्या सुमारास इथे ट्रॅक्टर मिळेनात, म्हणून शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी कापून ट्रॅक्टर बनवले. एका गिअरबॉक्समागे दुसरा गिअरबॉक्स जोडायचा, की वेग मरतो आणि ओढ वाढते. 'एपा' हे तेव्हाच्या एका स्वस्त दुकानाचं नाव, म्हणजे आपण 'चोरबाजारचा माल' म्हणतो तशी थट्टा. पुढे खरे ट्रॅक्टर आले, पण कायदा राहिला: अशी गाडी पंधराव्या वर्षी, मोपेडच्या लायसन्सवर चालवता येते, वेग तीस किलोमीटर. खेड्यातल्या पोरांना आणखी काय हवं? आजही जुनी व्होल्व्हो मागून कापून, तिथे छोटा हौदा बसवून, पाठीला लाल त्रिकोण लावून पोरं-पोरी हिंडत असतात. पूर्वीच्या दोन गिअरबॉक्सच्या एपात दुसरा गिअर गुपचूप टाकून पोरं किती पळवायची, ते आजोबा डोळे मिचकावून सांगतात. पूर्वी हौद्यात कोंबून बसायची, 2023 पासून जेवढ्या सीट तेवढीच माणसं आणि सगळ्यांना पट्टा.

आणि गाणी! त्यांना 'एपादुंक' म्हणतात, 'दुंक' म्हणजे धडधड. ऐकलं की थेट गणपतीतला डॉल्बी आठवतो, काच तशीच थरथरते. अंगात कारखान्यात घालायची भरपूर खिशांची पँट, हूडी, टोपी, आणि आरशाला फासे. फासे तेच, अप्पा. आजोबांची पंधरा वर्षांची नात एपा चालवते. तिच्या गाण्यांना आजोबा "हा काय आवाज आहे" म्हणून वैतागतात. मला हसू आवरत नव्हतं.

या दिवसांत मला सारखा दसरा चौक आठवतोय. छत्रपतींची मेबॅक दिसावी म्हणून तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात, आणि गाडी गेली तरी तुम्ही तिच्या आवाजाकडे कान लावून उभे असायचात. आजोबांना ते सांगितलं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

बाळ्याचं आईने कळवलं. सायलेन्सर काढलाय, केस तांबडे केलेत आणि तुम्ही दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाही म्हणे. त्यात मी पडत नाही.

एक काम मात्र आहे. आजोबांच्या गिअरच्या दांडीला पितळी मूठ होती. 1963 साली त्यांच्या मित्राने जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या लेथवर करून दिलेली. मित्र गेला आणि दोन वर्षांपूर्वी मूठही हरवली. दुकानात प्लास्टिकच्या मिळतात, त्या त्यांना नको आहेत. जुना फोटो आणि मी काढलेली आकृती सोबत आहे. आटे 5/16 इंच, इंचाला 18, पण अमेरिकन, 60 अंशांचे. तुमच्या पेटीतला बीएसडब्ल्यूचा, म्हणजे ब्रिटिश आट्यांचा टॅप लावू नका, तो 55 अंशांचा, बसल्यासारखा वाटेल आणि फसेल. क्रोम नको, पितळच ठेवा. आणि तुमच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय, तेव्हा लेथवर तुम्ही उभे राहू नका. बाळ्याला उभं करा, तुम्ही शेजारी स्टूल टाकून बसा.

तुमची,
ताई