स्माइल पूर्ण व्हायला मदत केलीस, त्याबद्दल

प्रिय डॅरियनदादा,

स्माइल, बीच बॉइज या अमेरिकन बँडचा १९६७ मध्ये अर्धवट राहिलेला अल्बम, आज कोणीही मोबाइलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू शकतं, पण त्यात तुझा वाटा केवढा मोठा आहे हे बीच बॉइज आवडीने ऐकणाऱ्या माझ्या मित्रांनासुद्धा माहीत नाहीये. बँडची गाणी रचणारा ब्रायन विल्सन सगळ्यांना माहीत, स्माइलचे शब्द लिहिणारा व्हॅन डाईक पार्क्स थोड्यांना माहीत, आणि डॅरियन साहानाजा म्हटलं की हा कोण बाबा असं विचारतात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

तुला सगळं पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. १९६६ साली ब्रायन २४ वर्षांचा होता, पेट साउंड्स हा अल्बम येऊन गेलेला, गुड व्हायब्रेशन्स हे गाणं अमेरिकेत एक नंबरला पोचलेलं, आणि त्याच पद्धतीने त्याला आता अख्खा अल्बम करायचा होता. पद्धत म्हणजे काय, तर गाणं सलग रेकॉर्ड करायचंच नाही, एक तुकडा या स्टुडिओत, दुसरा त्या स्टुडिओत, आणि मग टेप ब्लेडने कापून जोडत बसायचं. एका गाण्यापुरतं हे जमलं पण अल्बमभर डझनावारी तुकडे, त्यातला कुठला कशाला जोडायचा हे फक्त ब्रायनच्या डोक्यात, आणि तिथेही रोज बदलतंय. शब्द व्हॅन डाईकचे, ते बँडमधल्या सगळ्यांना पटत नव्हते. कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने साडेचार लाखांच्या वर कव्हरं छापून ठेवलेली, फ्रँक होम्सने काढलेलं ते हसू विकणारं दुकान. आणि मे १९६७ मध्ये जाहीर झालं की अल्बम रद्द. त्या सप्टेंबरला स्मायली स्माइल नावाचा दुसराच अल्बम आला, काही गाणी नव्याने आणि साध्या पद्धतीने रेकॉर्ड केलेली, पण तो हा अल्बम नव्हेच.

मग पुढची कित्येक वर्षं तुकडेच. १९६९ मध्ये त्यातलं कॅबिनेसेन्स हे गाणं आलं, १९७१ मध्ये सर्फ्स अप आलं, १९९३ च्या बॉक्स सेटमध्ये साधारण अर्ध्या तासाचं सामान आलं, बाकी सगळं चोरून फिरणाऱ्या टेप्सवर. जगभरच्या फॅन लोकांनी आपापला स्माइल जोडला, मीही प्लेलिस्ट करून करून थकलो, चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन आधी ठेवू की विंड चाइम्स आधी, आणि काहीही केलं तरी जोड दिसायचाच, कारण दोन तुकड्यांच्या मध्ये जे असायला हवं ते कुठेच रेकॉर्ड झालेलं नव्हतं.

तू पण यातलाच ना रे. पोरवयापासून त्या टेप्स ऐकलेला, वंडरमिंट्स या बँडमध्ये वाजवणारा, मग १९९९ पासून ब्रायनच्या बँडमध्ये. आणि २००३ मध्ये स्माइल स्टेजवर करायचं ठरलं तेव्हा सगळे तुकडे लॅपटॉपवर घेऊन ब्रायनच्या घरी गेलास. ज्या माणसाला त्या संगीताची भीतीच बसलेली, स्माइलमधल्या फायर या आगीवरच्या तुकड्याच्या रेकॉर्डिंगच्या सुमारास जवळपास कुठेतरी आग लागली तर ती आपल्यामुळेच लागली असं वाटलेलं, ज्याने पुढची तीस-पस्तीस वर्षं तो विषय निघाला की अंग काढून घेतलं, त्याच्या शेजारी बसून तू एकेक तुकडा वाजवलास.

मला आभार मानायचेत ते नेमके इथले. तुझ्या जागी दुसरा कुठलाही फॅन असता, मी तर नक्कीच, तर मनात वर्षानुवर्षं जुळवलेला क्रम घेऊन गेला असता आणि म्हणाला असता की हे बघा, असं करूया. तू विचारत राहिलास. याच्या नंतर काय येतं, हे याला लागून येतं का, आणि ब्रायनला आठवेपर्यंत थांबलास. जुन्या कागदावरचा एक शब्द लागेना तेव्हा अंदाजाने काहीतरी बसवून पुढे जाता आलं असतं, त्याऐवजी ब्रायनने फोन उचलून थेट व्हॅन डाईकला विचारलं, आणि मग तो माणूस स्वतःच येऊन बसला आणि ज्या चालींना शब्दच नव्हते त्यांना इतक्या वर्षांनी शब्द मिळाले! ऑन अ हॉलिडे, इन ब्लू हवाई, ही गाणी अशी पूर्ण झाली. तुझं काम काय होतं तर म्युझिकल सेक्रेटरी, लिहून घेणारा. इतकं सगळं येत असताना लिहून घेणारा होऊन बसणं मला फार मोठं वाटतं, गाणं बनवण्याइतकंच मोठं.

आणि ते जोड! तीन भाग झाले, प्रत्येक भाग न थांबता चालणारा. मधल्या भागात वंडरफुल, मग साँग फॉर चिल्ड्रन, मग चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन, आणि त्यातून सर्फ्स अप असं उगवतं की ते गाणं १९७१ पासून एकटं का वाटत होतं ते कळतं, त्याच्या आधीचं सगळं गायबच होतं ना. सर्फ्स अपच्या शेवटी मुलाचा विषय येतो, तो मी किती वेळा ऐकला असेल, पण तो असा आधीपासून चालत आलेला आहे हे तुमच्यामुळे ऐकू आलं. माझ्या मते स्माइलचा सगळा जीव या मधल्या भागात आहे, पहिल्या भागातलं हिरोज अँड व्हिलन्स कितीही भारी असलं तरी.

२० फेब्रुवारी २००४, लंडन, रॉयल फेस्टिव्हल हॉल. तयारीच्या दिवसांत ब्रायनची अवस्था काय झालेली ते डॉक्युमेंटरीत बघवत नाही, आणि तोच माणूस स्टेजवर बसून सगळं गातो, मागे तुम्ही सगळे हार्मनीला, स्टॉकहोमची स्ट्रिंग्ज आणि हॉर्न्सवाली मंडळी, आणि संपल्यावर लोक उभे ते उभेच. त्याच सप्टेंबरला रेकॉर्ड आली, आणि पुढच्या वर्षी ब्रायनला त्याची पहिली ग्रॅमी मिळाली ती मिसेस ओ'लिअरीज काऊसाठी, म्हणजे फायर या त्याच आगीच्या तुकड्यासाठी ज्याला तो सगळ्यात जास्त घाबरला होता. हे लिहिताना पण गळा दाटतो माझा.

२०११ मध्ये जुन्या टेप्सचा द स्माइल सेशन्स आला, त्या टेप्स जुळवणाऱ्या मार्क लिनेट आणि ॲलन बॉइडचे आभार त्यासाठी वेगळे मानायला हवेत, पण १९६६-६७ चे तुकडे लावताना त्यांनीही आधार घेतला तो २००४ च्या क्रमाचाच. म्हणजे ब्रायनचे भाऊ आणि बँडमधले साथीदार कार्ल आणि डेनिस यांचा आवाज आज त्या जागी ऐकू येतो तो तुम्ही जागा शोधून दिलीत म्हणून. ते दोघं हे ऐकायला राहिले नाहीत याचं वाईट वाटतं.

आणि ११ जून २०२५ ला ब्रायन पण गेला. त्या रात्री मी दुसरं काही न लावता मधला भाग लावला. रडू आलं, पण एका गोष्टीने बरं वाटलं की हा माणूस स्माइल अर्धा ठेवून गेला नाही, पूर्ण झाल्यावर वीस-एकवीस वर्षं जगला, लोक उभे राहून टाळ्या वाजवताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ते तुझ्यामुळे, दादा, तुझ्या आणि तुझ्या बँडमुळे, पॉल व्हॉन मर्टेन्सने स्ट्रिंग्ज लिहिल्या त्याच्यामुळे, जेफ्री फॉस्केटच्या त्या उंच आवाजामुळे.

मनापासून थँक्यू. बँडमधल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग, आणि व्हॅन डाईक कधी भेटले तर त्यांना खास.

तुझा,
ठाण्याचा एक फॅन