सँडपॉइंटचा बंद झालेला प्रसूती विभाग

महोदय,
अमेरिकेतील गर्भपातबंदीची चर्चा आपल्याकडे बहुधा न्यायालयीन निकालापाशीच थांबते. तिची झळ प्रसूतिसेवेलाही कशी लागते, हे आयडाहो या विरळ वस्तीच्या राज्यात दिसते. ऑगस्ट २०२२ पासून तेथे गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला २ ते ५ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद लागू झाली आणि मार्च २०२३ मध्ये सँडपॉइंटच्या बॉनर जनरल रुग्णालयाने, राज्य सोडून जाणारे डॉक्टर व कायदेशीर वातावरण ही कारणे देत (बालरोगतज्ज्ञांची टंचाईही होतीच), प्रसूती विभाग बंद करण्याचे जाहीर केले. मूल हवे असलेल्या गर्भवतीलाही आता ऐन बर्फात सुमारे ७० किलोमीटरवरचे कोर दालेन गाठावे लागते. त्याच वर्षी मातामृत्यूंचा आढावा घेणारी राज्य समितीही मुदत संपू देऊन गुंडाळली गेली. २०२४ मध्ये ती पुन्हा नेमावी लागली.
– एक वाचक, सातारा